गाडीवर बसलेला परका रंग आणि घाट रोडमागची एक शेड : नागपुरातील रबिंग-पॉलिशचा अनुभव

आमच्या प्रतापनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये तळघरातील पार्किंगचा उतार जिथे संपतो तिथेच एक खांब आहे आणि तो कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून त्यावर कमरेच्या उंचीपर्यंत ऑइल पेंटचे पिवळे-काळे पट्टे ओढलेले आहेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी मागे घेताना नेमक्या याच खांबाला आमच्या सात वर्षांच्या गडद निळ्या हॅचबॅकची डावी बाजू माझ्याच हातून घासली. मागचे दार आणि त्याला लागून असलेला चाकावरचा पत्रा यांवर मिळून सुमारे दीड हात लांबीचा पिवळा पट्टा उमटला, त्यात मधूनमधून काळाही होता. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर सीताबर्डीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी लावून गेलेला पांढरा ओरखडा आधीपासून होताच. या दोन्हींचे काम अखेर ज्या ठिकाणी झाले, त्या घाट रोडच्या मागच्या गल्लीतील लहानशा शेडविषयी, तिथल्या कामाच्या पद्धतीविषयी आणि तिथे जे खटकले त्याविषयी हे लिहीत आहे. शेडला नाव नाही; पत्र्यावर ‘रबिंग, पॉलिश, टच-अप’ एवढेच रंगवलेले आहे. चालवणारे गृहस्थ हाताखाली एक मुलगा घेऊन काम करतात, दिवसाला दोनच गाड्या घेतात आणि नाव-नंबर कुठे लिहू नका, गर्दी झेपणार नाही, असे त्यांनीच सांगितले. म्हणून पुढे त्यांचा उल्लेख मी ‘कारागीर’ असाच करणार आहे.

तिथे पोहोचण्याआधी आमच्याकडून आणि आमच्यासाठी जे उपद्व्याप झाले ते सांगणे आवश्यक आहे, कारण कारागिराचा निम्मा वेळ ते निस्तरण्यात गेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी स्कीममध्ये गाड्या पुसणाऱ्या मुलाने मला खूश करण्यासाठी भांडी घासायचा हिरवा स्क्रबर आणि साबण घेऊन पिवळा पट्टा घासायला सुरुवात केली. मी खाली येईपर्यंत दाराच्या मधोमध तळहाताएवढी जागा पांढुरकी आणि निस्तेज झालेली होती आणि पिवळा रंग मात्र बहुतांश जागच्या जागी होता. शेजारच्या काकांनी टूथपेस्टचा उपाय सुचवला. टूथपेस्टमध्ये बारीक घर्षक भुकटी असते, त्यामुळे अगदी वरवरचा डाग त्याने फिका होतो हे खरे. पण ती भुकटी दातांसाठी केलेली आहे, रंगावर ती किती कापेल याचा काही हिशेब नसतो, आणि पेस्ट वाळली की दाराच्या फटीतून ती काढणे हेच एक वेगळे काम होऊन बसते. तिसरी चूक पूर्णपणे माझी. बंपरच्या खालच्या कडेला मी थिनरमध्ये बुडवलेले फडके फिरवून पाहिले. पांढरा ओरखडा थोडा गेला, पण फडक्यावर निळा रंगही उतरला आणि ती कडा चिकट झाली. बंपर दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये रंगवून घेतलेला होता, हे मला त्या क्षणी आठवले.

त्यानंतर रीतसर मार्ग म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथल्या सल्लागाराने दारावर बोटही न फिरवता उभ्या उभ्या दोन पॅनेल आणि बंपर रंगवण्याचे १३,५०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की आकडा १५,९३० होतो. ‘विम्यात बसवून देऊ’ असेही ते म्हणाले. हे वाक्य ऐकायला गोड वाटते, म्हणून घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. आमची गाडी १,५०० सीसीच्या आतली असल्यामुळे दाव्यातील पहिले १,००० रुपये आमच्याच खिशातून जाणार. झिरो डेप्रिसिएशनचे संरक्षण घेतलेले नसल्यामुळे रंगाच्या साहित्याच्या किमतीवर ५० टक्के घसारा कापला जाणार. या दोन्ही रकमा तशा लहान आहेत. मोठी रक्कम नो क्लेम बोनसची आहे. पाच वर्षे दावा न केल्यामुळे आम्हाला स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि पुढे वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ असे टप्पे चढत पुन्हा ५० वर पोहोचते. सूट न देता तो प्रीमियम दरवर्षी ७,००० रुपये राहील असे धरले, तर गमावलेल्या सवलतीची बेरीज ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, म्हणजे एकूण १२५ टक्के, अर्थात ८,७५० रुपये होते. प्रत्यक्षात गाडीचे विमामूल्य दरवर्षी उतरत असल्यामुळे हा आकडा काहीसा कमी भरेल. तरीही पट्टा पुसण्यासाठी विमा वापरणे आम्हाला परवडणारे नव्हते. जिथे पत्रा चेपला आहे किंवा दिवा फुटला आहे तिथे हे गणित अर्थातच वेगळे होईल.

कारागिराकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी आधी डागाकडे पाहिलेच नाही. “खांबावर तुमचा निळा किती लागला, ते पाहिलं का जी?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी पाहिलेले नव्हते. त्यांनी घरी फोन करून खांबाचा फोटो मागवायला लावला. फोटोत खांबाचा पिवळा रंग खरवडला जाऊन खालचे सिमेंट दोन ठिकाणी उघडे पडलेले दिसत होते, निळ्याच्या मात्र केसासारख्या दोन रेघाच होत्या. “मग रंग तुमचा गेला नाही, त्याचा येऊन बसला आहे,” असे म्हणून ते कामाला लागले. सात वर्षे गाडी वापरूनही मला न सुचलेली ही तपासणी मला अत्यंत मोलाची वाटते, कारण दोन पृष्ठभाग घासले की मऊ रंग कठीण रंगावर माखला जातो. खांबावरचा ऑइल पेंट हवेत वाळलेला, तुलनेने मऊ. गाडीचा कारखान्यातील रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला, कठीण. त्यामुळे अशा घासण्यात बहुतेक देवाणघेवाण एकाच दिशेने होते. जिथे प्लास्टरचा खडबडीत भाग उघडा पडला, तिथे मात्र गाडीवर खरे चरे उमटतात, आणि आमच्या पट्ट्यात ते दोन ठिकाणी होते.

पुढची तपासणी पाण्याने झाली. पट्ट्यावर पाणी शिंपडल्यावर ज्या रेघा दिसेनाशा झाल्या त्या वरच्या पारदर्शक थरातल्या, आणि ज्या ओल्यातही दिसत राहिल्या त्या खाली गेलेल्या, असा त्यांचा साधा नियम आहे. नंतर त्यांनी नख आडवे फिरवले. नख अडकले तर ते पॉलिशचे काम नाही. या दोन्ही कसोट्या घरी कुणालाही करता येतात आणि त्याला एक पैसा लागत नाही.

तिसरी तपासणी मात्र यंत्राची होती. गाडीचा रंग म्हणजे पत्र्यावरचा गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सारे मिळून कारखान्यातून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे येते आणि त्यातील क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. रबिंग म्हणजे याच थराला वरून किंचित घासून सपाट करणे. तो किती शिल्लक आहे हे न पाहता मशीन लावणारा माणूस दुसऱ्याच्या पैशावर जुगार खेळतो. कारागिराकडे जाडी मोजण्याचे हातातले यंत्र आहे. आमच्या मागच्या दारावर त्यांनी पाच ठिकाणी मोजले, आकडे १०९ ते ११८ मायक्रॉनच्या दरम्यान आले. तीन वर्षांपूर्वी रंगवलेल्या उजव्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, तेच यंत्र २४० दाखवत होते. जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे हेच यंत्र लावून गाडी कुठे रंगवली आहे ते ओळखतात, ही माहिती त्यांनी जाता जाता दिली, आणि त्यामुळे कारखान्याचा रंग शक्य तोवर न हलवण्याचा त्यांचा आग्रह मला पटला. गॅरेजमधील रंग साधारण ६० अंशांना भाजला जातो, कारण तयार गाडीत प्लास्टिक, वायरी आणि रबर असते. १४० अंशांची भट्टी तिला पुन्हा मिळत नाही. बंपरवर हे यंत्र चालत नाही, त्याला खाली धातू लागतो. तिथे त्यांनी नजरेवर आणि माझ्या थिनरच्या कबुलीवर भागवले.

काम सकाळी साडेसहाला सुरू झाले. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात ही वेळ चैनीची नव्हे, गरजेची आहे. दहानंतर गडद रंगाच्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही, कंपाउंड, म्हणजे रबिंगची घर्षक पेस्ट, घासायच्या आत वाळून पापडी धरते आणि क्लिअर कोटही उष्णतेने नरम होतो. त्यामुळे उन्हाळ्यात ते साडेसहा ते दहा एवढाच वेळ रबिंग करतात आणि दुपारी शेडच्या आत टच-अपची बारीक कामे घेतात. ज्या ठिकाणी दुपारी दोन वाजता उघड्यावर, टिनाच्या सावलीतही नव्हे, बफिंग मशीन फिरताना मला आजवर दिसले आहे, तिथे गाडी द्यायची की नाही हे मी आता वेगळ्या नजरेने ठरवीन.

आधी शाम्पूने धुणे झाले आणि धुण्यासाठी बोअरऐवजी नळाचे पाणी वापरले गेले, कारण बोअरचे जड पाणी वाळले की गडद रंगावर पांढरे ठिपके सोडते. त्यानंतर क्ले बार. ही मऊ, चिकणमातीसारखी वडी भरपूर साबणाच्या पाण्यावर हलक्या हाताने फिरवली की पृष्ठभागावर चिकटलेले उंचवटे ती आपल्यात ओढून घेते. आमच्या वडीच्या तळाशी पाच मिनिटांत पिवळे कण दिसू लागले. मुलगा ती वडी मोडून, घडी घालून स्वच्छ बाजू पुढे आणत होता. वडी एकदा जमिनीवर पडली, तेव्हा कारागिराने ती लगेच टाकून दिली आणि नवी काढली. जमिनीवरची माती लागलेली वडी म्हणजे काचकागदच. अशा लहान गोष्टींवरून मी या शेडविषयी मत बनवले, हे मान्य करतो.

जो पिवळा रंग वडीला दाद देत नव्हता त्यासाठी त्यांनी रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन सुती फडक्यावर घेऊन ते अर्धा मिनिट डागावर धरले, पुसले, पुन्हा धरले. थिनर का नको, असे मी मुद्दाम विचारले. ते म्हणाले की कारखान्याचा भाजलेला क्लिअर कोट थिनरला थोडा वेळ तोंड देईलही, पण गॅरेजमध्ये मारलेला रंग कोणत्या प्रतीचा आहे हे बाहेरून कळत नाही, आणि एकाच डब्यातला, हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) न घातलेला रंग असेल तर तो थिनरने सरळ विरघळतो. माझ्या बंपरचे तेच झाले होते. नेलपॉलिश रिमूव्हरमधील अॅसिटोनबद्दल त्यांचे मत याहून कडक आहे. डब्ल्यूडी-४० चा फवारा डांबराच्या आणि हलक्या रंगाच्या डागांवर कामी येतो असे ते म्हणतात. फक्त नंतर तेलकट थर शाम्पूने नीट धुवायला हवा, नाहीतर पॉलिश बसत नाही. सुमारे चाळीस मिनिटांत दीड हाताच्या पट्ट्यातील तीन चतुर्थांश भाग कोणतेही यंत्र न लावता नाहीसा झाला, आणि खाली माझा निळा रंग जसाच्या तसा निघाला. सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकातील दोन पॅनेल इथे निकालात निघाली.

यंत्राची खरी गरज खांबापेक्षा हिरव्या स्क्रबरने केलेल्या निस्तेज जागेला पडली. दाराच्या कडा, हँडलचा भोवताल आणि खिडकीखालची काळी रबरपट्टी यांवर मास्किंग टेप लावली गेली. कडांवर रंग मुळात पातळ बसतो आणि मशीनची उष्णता तिथेच साठते, म्हणून रबिंगमध्ये रंग जळतो तो बहुधा कडेला. त्यांच्याकडे दोन मशीन आहेत: एकाच अक्षावर गरगर फिरणारे जुने बफर आणि फिरता फिरता झोके घेणारे ड्युअल अॅक्शन. पहिले झपाट्याने कापते आणि अनाडी हातात उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे सोडते. दुसरे सावकाश चालते, पण चूक माफ करते. आमच्या दारावर त्यांनी दुसरेच वापरले. वाटाण्याएवढे कंपाउंड चार ठिकाणी लावून, हातभर लांब-रुंद भागापेक्षा जास्त जागा एका वेळी न घेता, आधी आडवे मग उभे असे फिरवत गेले. मधूनमधून थांबून पॅड उलटून पाहत होते. पॅडवर गाडीचा निळा रंग आला तर क्लिअर कोट संपला किंवा मुळात नव्हताच, असा त्याचा अर्थ. दारावर पॅड पांढराच राहिला. काम झाल्यावर पुन्हा यंत्र लावले तेव्हा आकडे आधीपेक्षा दोन-तीन मायक्रॉनने कमी आले. तेवढा फरक यंत्राच्या चुकीचाही असू शकतो, हे त्यांनीच सांगितले.

आता ज्या गोष्टीसाठी मी या शेडला मनापासून गुण देतो ती. कंपाउंड आणि पॉलिशमध्ये तेले असतात, आणि ती चऱ्यात भरली की चरे काही दिवस दिसत नाहीत. दोन-तीन धुण्यांनंतर तेल निघून जाते आणि ग्राहकाला वाटते की ओरखडे नव्याने पडले. शहरातल्या एका चकचकीत, एसी प्रतीक्षालय असलेल्या डिटेलिंगच्या दुकानात आमच्या आधीच्या गाडीवर मी हेच अनुभवले होते. या कारागिराने पॉलिश झाल्यावर, पैशांची गोष्ट निघण्याआधी, पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून संपूर्ण दार पुसले आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून मला दाखवले. निस्तेज डाग पूर्ण गेला होता. प्लास्टरने उठवलेल्या दोन चऱ्यांपैकी एक गेला होता. दुसरा, हँडलच्या खालचा, नखाला अजून लागत होता आणि तो तसाच राहणार असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दोन हजार आणि तीन हजार नंबरच्या वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यावर फिरवायच्या अतिबारीक काचकागदाने, तो आणखी सपाट करता येईल का, असे मी विचारले. “येईल जी, पण तिथं पुढच्या वेळेसाठी काही उरणार नाही,” असे म्हणून त्यांनी नकार दिला. पैसे मिळत असताना नकार देणारा माणूस या व्यवसायात मला दुर्मीळ वाटतो.

बंपरची कथा इतकी सुखाची नाही. बंपर प्लास्टिकचा, बहुतांशी पॉलिप्रोपिलीनचा असतो. तो वाकतो, आणि त्यावर रंग पत्र्यासारखा घट्ट धरत नाही, म्हणून तिथे ओरखडा उमटण्याबरोबर रंगाचे पापुद्रे सुटण्याचीही भीती असते. वरचा पांढरा रंग हाताने, स्पंजच्या पॅडवर बारीक पॉलिश घेऊन निघाला. त्याखाली बोटभर लांबीचा चरा थेट काळ्या प्लास्टिकपर्यंत गेलेला होता, आणि माझ्या थिनरने चिकट केलेली कडा तर कायमची मॅट झाली आहे. इथे पॅडवर निळा रंग येऊ लागताच त्यांनी हात थांबवला. रंग जिथे उरलेलाच नाही तिथे कोणतेही कंपाउंड तो परत आणू शकत नाही, ही गोष्ट ‘स्क्रॅच रिमूव्हर’ असे नाव छापलेल्या बाटल्या विकत घेताना आपण विसरतो.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे त्याविषयी. घाट रोडच्या आणि कॉटन मार्केटच्या परिसरातील दुकानांत थ्रीएम आणि मेग्वायर्स या दोन्ही नावांची कंपाउंड मिळतात आणि दुकानदार त्यांची तुलना मोठ्या तावातावाने करतात. गंमत अशी की मेग्वायर्स ही कंपनी २०१३ पासून थ्रीएमच्याच मालकीची आहे. घरी हाताने काम करायचे असेल तर नावापेक्षा बाटलीतला माल किती कापणारा आहे हे पाहावे. ‘रबिंग कंपाउंड’ जाडे कापते आणि नंतर पॉलिश मागतेच. ‘स्क्रॅच रिमूव्हर’ किंवा ‘फिनिशिंग पॉलिश’ बारीक असते आणि नवशिक्याने त्यानेच सुरुवात करावी. मी स्वतः त्यानंतर बारीक पॉलिशची एक लहान बाटली, दोन स्पंज पॅड आणि तीन मायक्रोफायबर फडकी घेऊन ठेवली आहेत. दाराच्या काठावर शेजारच्या स्कूटीच्या हँडलने लागलेला लाल रंग मी मागच्या रविवारी सकाळी, सावलीत, वीस मिनिटांत स्वतः काढला. खांद्याला दुखेपर्यंत घासावे लागले नाही. आधी धुणे आणि मग हलका हात, एवढेच पाळले.

आता शेडच्या उणिवा. पहिली म्हणजे बिल मिळत नाही. वहीच्या पानावर आकडा लिहून देतात. ज्यांना विम्यासाठी किंवा कंपनीच्या खर्चात दाखवण्यासाठी पावती लागते त्यांना हे ठिकाण उपयोगाचे नाही. दुसरी, गल्ली अरुंद आहे आणि शेजारी वेल्डिंगचे काम चालते. लोखंडाची उडणारी भुकटी ओल्या पॉलिशवर बसू शकते. आमच्या वेळी वेल्डिंगवाल्याने अजून दुकान उघडलेले नव्हते, म्हणून निभावले. तिसरी उणीव साफसफाईची. टेप काढल्यानंतरही हँडलच्या खोबणीत आणि मागच्या चाकावरच्या काळ्या प्लास्टिकवर कंपाउंडचा पांढरा थर राहून गेला होता. काळ्या खरखरीत प्लास्टिकवर तो वाळला की जाता जात नाही. मला घरी जुना टूथब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन बसावे लागले. इतके बारकाईने काम करणाऱ्या माणसाने शेवटची दहा मिनिटे मुलावर सोडू नयेत. चौथी गोष्ट बसायच्या जागेची. साडेतीन तास मी एका उलट्या बादलीवर काढले. समोरच्या टपरीवरचा चहा आणि तर्री-पोहे यांनी तो वेळ बराच सुसह्य केला, पण घरातील ज्येष्ठांना सोबत नेऊ नये.

खर्च एकूण १,८०० रुपये आला: दार आणि चाकावरचा पत्रा यांचे १,५००, बंपरवरचा पांढरा रंग काढण्याचे ३००. बंपरवरील चऱ्यासाठी त्यांनी काही घेतले नाही, कारण तो गेला नाही. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंगची गोष्ट त्यांनी स्वतःहून काढली नाही. मी विचारल्यावर साधे वॅक्स वेगळ्या १०० रुपयांत लावून दिले आणि पावसाळा लागेपर्यंत टिकले तर पुष्कळ, असे सांगितले. कोटिंगविषयी त्यांचे म्हणणे असे की त्याने पाणी आणि धूळ धरत नाही हे खरे असले, तरी खांबाला घासल्यावर कोटिंग काही वाचवत नाही.

फोनवर वेळ मिळत नाही, प्रत्यक्ष जाऊन वार ठरवावा लागतो, आणि सध्या आठ-दहा दिवसांची रांग आहे. चेपलेला पत्रा, सुटलेले पापुद्रे किंवा प्रायमर उघडे पडलेले पॅनेल घेऊन तिथे जाऊ नये. ते दुसऱ्या दुकानाचे काम आहे आणि कारागीर तसे दारातच सांगून परत पाठवतात, असे मी त्या सकाळी दोनदा पाहिले. पांढरा, पिवळा, लाल असा दुसऱ्याचा रंग आपल्या गाडीवर बसलेला असेल आणि नख अडकत नसेल, तर मात्र कोणत्याही पेंटिंगच्या अंदाजपत्रकावर सही करण्याआधी इथे दाखवून घ्यावे. जाताना ज्या वस्तूला गाडी घासली तिचा फोटो सोबत न्यावा, म्हणजे माझ्यासारखी फोनाफोनी करावी लागणार नाही.

आमच्या बंपरवरील चऱ्याचा टच-अप जूनमध्ये, पहिल्या पावसाने हवा थोडी थंड झाल्यावर करायचा ठरला आहे. त्यासाठी गाडीच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवरचा रंगाचा कोड मी त्यांना लिहून दिला आहे. सात वर्षांत उन्हाने निळा थोडा फिका पडल्यामुळे कोडप्रमाणे बनवलेला रंग तंतोतंत जुळेलच असे नाही, हे त्यांनी वहीत माझ्या नावापुढे लिहून घेतले आणि त्याखाली माझी सहीही घेतली.